बोटीबद्दल नेटवर वाचलेलं किती खरं धरायचं?

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. राहता पुण्यात, १९ फुटी सेकंडहँड फायबर बोट घेतलीय, मागे ४० एचपीचं टू स्ट्रोक आउटबोर्ड इंजिन, बोट ठेवणार रेवदंड्याच्या खाडीत आणि दिवाळीनंतर घरच्यांना घेऊन कोर्लईला वळसा घालून मुरूडपर्यंत जायचं मनात आहे. दोन महिने व्हिडिओ बघितले, लेख वाचले आणि आता ऑइल, भरतीची वेळ, वारा, सगळ्यावर तीन माणसं तीन गोष्टी सांगतायत, तर खरं कुणाचं धरू असं विचारलंय. मी अलिबाग ते श्रीवर्धन या पट्ट्यात २८ वर्षं इंजिनं खोलतोय, बोटी चालवतोय, आणि हल्ली माझ्याकडे येणारा जवळजवळ प्रत्येक जण मोबाइल पुढे करून "पण यात तर असं म्हटलंय" म्हणतोच. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो, वेळ काढून वाचा.

माझा अनुभव असा की नेटवर बोटीबद्दल जे असतं ते बरंचसं खरंच असतं, फक्त ते दुसऱ्या कुठल्या तरी पाण्यावर खरं असतं, किंवा दुसऱ्या बोटीवर, किंवा दहा वर्षांपूर्वी खरं होतं. म्हणून सांगणारा माणूस लबाड आहे का हे शोधत बसू नका, तो कुठल्या पाण्यात बोट घालून बोलतोय ते आधी शोधा.

सगळ्यात सोपं उदाहरण घ्या, बॉय, म्हणजे वाट दाखवायला पाण्यावर तरंगत ठेवलेल्या खुणा. बंदरात, खाडीत शिरताना लाल आणि हिरवे बॉय असतात ना, त्यावर इंग्रजीत जेवढे व्हिडिओ आहेत त्यातले ढीगभर अमेरिकेतले, आणि तिथे पोरांना पाठ करून घेतात की समुद्रातून परत येताना लाल बॉय उजव्या हाताला ठेवायचा. अगदी बरोबर आहे, अमेरिकेत. जगाचे यात दोन भाग केलेत, ए आणि बी. उत्तर-दक्षिण अमेरिका, जपान, कोरिया, फिलिपिन्स हे बी मध्ये, आणि भारत, युरोप, आफ्रिका हे सगळं ए मध्ये. आपल्याकडे आत येताना लाल डावीकडे आणि हिरवा उजवीकडे. म्हणजे तो व्हिडिओ मन लावून पाठ केलेला माणूस आपल्याकडे शिरताना नेमका चॅनलच्या, म्हणजे खोल पाण्याच्या वाटेच्या बाहेर जाणार, खडपावर नाहीतर गाळात. आणि गंमत बघा, बोटीवरचे स्वतःचे दिवे मात्र जगभर सारखेच, डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा, कारण ते टक्कर टाळायच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांत येतात. त्यामुळे एकाच व्हिडिओतली पाच मिनिटं आपल्याला लागू आणि पुढची पाच मिनिटं बरोबर उलटी असं होतं, आणि सांगणारा दोन्ही तितक्याच विश्वासाने सांगतो, त्याच्या दृष्टीने दोन्ही खरंच आहे.

दुसरं नांगराचं. पाण्याच्या खोलीच्या पाचपट-सातपट दोर सोडा हे सगळीकडे वाचायला मिळतं आणि ते चुकीचं नाही. पण भूमध्य समुद्रातला माणूस हे सांगतो तेव्हा त्याच्याकडे भरती-ओहोटीचा फरक बऱ्याच ठिकाणी वीतभर, फार तर हातभर. आपल्याकडे मुंबई-अलिबागला उधाणाच्या दिवशी ४ मीटर आणि त्याहून जास्त फरक पडतो, खाली गोव्यापर्यंत जाल तसा तो कमी होत साधारण २ मीटरवर येतो. आता समजा तुम्ही ओहोटीला २ मीटर पाण्यात नांगर टाकला, सातपट म्हणून १४ मीटर दोर सोडला आणि किनाऱ्यावर जेवायला गेलात. सहा तासांनी तिथे ६ मीटर पाणी, दोर तेवढाच, म्हणजे सातपटीचा सव्वादोनपट झाला, नांगर उचलला जातो आणि बोट चालायला लागते. माझ्याकडे अशा बोटी आल्यात ठोकर खाऊन. मालक म्हणतो मी तर नियमाप्रमाणे केलं, आणि खरंच केलेलं असतं हो, फक्त भरतीची खोली आणि पाण्यापासून नाळेपर्यंतची, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकापर्यंतची उंची धरून हिशोब करायचा हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं, कारण सांगणाऱ्याला त्याची कधी गरजच पडली नव्हती.

आता भरतीच्या वेळेकडे येतो, कारण तिथे माणसं सगळ्यात जास्त फसतात. तुम्ही लिहिलंय की दोन ॲपमध्ये वेळ वेगळी दाखवतात. पहिलं बघा की ॲप कुठल्या ठिकाणची वेळ देतंय, मुंबई अपोलो बंदरची का रेवदंड्याची, आणि रेवदंडा लिहिलं असलं तरी ती वेळ खाडीच्या तोंडाची, आत जाल तशी भरती उशिरा पोचते. आणि दुसरं, घड्याळ कुठलं आहे. काही साइट ग्रीनविचची वेळ दाखवतात, ती आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. हे साडेपाच तास म्हणजे किती घातक आहे बघा, भरतीपासून ओहोटीपर्यंत साधारण सव्वासहा तास लागतात, म्हणजे साडेपाच तासांची चूक झाली की भरतीच्या जागी जवळजवळ पुरी ओहोटी! एखाद्या तासाची चूक परवडली.

यावर आपल्याकडे तपासणी फुकट आहे. तिथीला पाऊणने गुणायचं, हे किनाऱ्यावरच्या कुठल्याही आजोबांना विचारा. चतुर्थी असेल तर ४ गुणिले पाऊण म्हणजे ३, दुपारी तीनच्या आणि पहाटे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला ६ वाजता. पौर्णिमा, अमावास्येला सव्वाअकरा ते बाराच्या दरम्यान. अर्धा-पाऊण तास इकडे तिकडे होतं, त्यावर बोट वाळूच्या पट्ट्यावरून काढू नका, त्यासाठी टाइड टेबलच लागेल. पण ॲप खरं बोलतंय का हे कळायला एवढं पुरतं. चतुर्थीला ॲप जर म्हणालं की भरती साडेनऊला, तर समजायचं की हे ग्रीनविचचं घड्याळ दाखवतंय, कारण आपले तीन म्हणजे त्यांचे साडेनऊ. मी कुठलंही नवीन ॲप हातात आलं की आधी कॅलेंडर उघडून तिथी बघतो.

एक माझीच गोष्ट सांगतो. नऊ-दहा वर्षं झाली असतील, बाणकोटच्या खाडीत एक बोट पोचवायची होती. त्या तोंडाशी मी त्याआधी बरेच दिवसांत गेलो नव्हतो, आणि एका ॲपवर कुणीतरी आपला जीपीएस ट्रॅक टाकला होता, बाहेरून आतपर्यंत छान रेघ, खाली लिहिलेलं की या वाटेने आरामात गेलो. मी ती रेघ पकडली आणि भरतीनंतर दोन तासांनी शिरलो. वाळूवर बसलो. ट्रॅक टाकणारा खोटं बोलला नव्हता, तो गेला होता उधाणाच्या ऐन भरतीला, आणि तेही आदल्या पावसाळ्याच्या आधी. तारीख तिथे होती, मी बघितली नाही. आपल्या खाड्यांच्या तोंडाशी वाळूचे पट्टे दर पावसाळ्यात जागा बदलतात, जूनमधला पूर आणि जुलैतली लाट मिळून सगळं हलवून टाकतात, त्यामुळे मागच्या मे महिन्यातला ट्रॅक या नोव्हेंबरात दुसऱ्याच खाडीचा समजायचा. आणि बसल्यावर किती वेळ बसावं लागतं हा हिशोबही समजून घ्या. भरतीनंतर दोन तासांनी बसलात तर तेवढं पाणी पुन्हा व्हायला पुढच्या भरतीच्या दोन तास आधीची वेळ यावी लागते, म्हणजे आठ-साडेआठ तास. सोबत एक खलाशी होता, आम्ही रात्री सुटलो. बोटीत लहान मुलं असती तर काय झालं असतं हे मला अजूनही आठवतं, म्हणून तुम्हाला इतकं लिहितोय.

तेव्हापासून सवय अशी की कुणाचाही ट्रॅक, कुणाचाही खोलीचा आकडा बघितला की तीन गोष्टी विचारतो, कधीचा, भरती किती असताना, आणि त्याची बोट पाण्यात किती बुडते. खोलीचा आकडा कशात आहे तेही बघा. अमेरिकन नकाशे फुटांत असतात, आपले नवे मीटरमध्ये, आणि कोळीवाड्यात विचारलंत तर उत्तर वावात येतं, एक वाव म्हणजे साधारण सहा फूट. "दोन पाणी आहे" हे वाक्य ऐकून मीटर समजायचं का वाव, हे विचारायला लाजू नका. गुगल मॅपवरचा निळा रंग बघून तर काहीच ठरवू नका, तो रस्त्यासाठी बनवलाय, पाण्याखालचं त्यात काही नाही. मुंबई ते गोवा समुद्राचे खरे नकाशे डेहराडूनचं नॅशनल हायड्रोग्राफिक ऑफिस काढतं, आणि त्यात झालेले बदल, म्हणजे बॉय हलवला, दिवा बंद, नवीन अडथळा, हे दर पंधरा दिवसांनी निघणाऱ्या सूचनांमध्ये येतात. मोबाइलमधला नकाशा शेवटचा कधी अपडेट झाला ते बघून ठेवा. तेही छोट्या खाड्यांच्या तोंडाशी कमी पडतं, तिथे शेवटी आपली काठी आणि आपले डोळे.

वाऱ्याचं बघू. तुम्ही लिहिलंय की ॲपवर "१५" दाखवलं तर जायचं की नाही. अहो, १५ काय? १५ किलोमीटर असेल तर मस्त झुळूक. १५ नॉट म्हणजे २८ किलोमीटर, तुमच्या १९ फुटीला घरच्यांसकट नको. आणि १५ मीटर सेकंदाला असेल तर ५४ किलोमीटर, तेव्हा मोठ्या बोटीसुद्धा आत असतात. एकाच ॲपमध्ये स्क्रीनला हाताचं बोट लागलं की युनिट बदलतं, आणि लोक स्क्रीनशॉट पाठवताना युनिट कापून पाठवतात. लाटेचंही तसंच, अंदाजात जी लाटेची उंची देतात ती सरसकट सगळ्यात मोठ्या लाटेची नसते, जेवढ्या लाटा येतात त्यातल्या वरच्या एक तृतीयांश लाटांची सरासरी असते. म्हणजे दीड मीटर लिहिलं असेल तर मधूनच एखादी पावणेतीन-तीन मीटरची येऊ शकते आणि ती अंदाज चुकला म्हणून येत नाही, अंदाजातच धरलेली असते.

आणखी एक, हे रंगीत नकाशे दाखवणारे ॲप मोठ्या चौकटींवर चालतात, चांगलं जागतिक मॉडेलसुद्धा ९ किलोमीटरची एक चौकट धरतं. त्या एका चौकटीत रेवदंड्याची खाडी, कोर्लईचा डोंगर आणि बाहेरचा समुद्र सगळं एकत्र आलं. सकाळचा जमिनीवरून येणारा मतलई वारा कधी पडतो आणि दुपारचा समुद्रावरून येणारा खारा वारा कधी चढतो हे त्याला नीट दिसत नाही. ते आमच्याकडे कुणीही सांगेल, सकाळी पाणी तेलासारखं, बारा-एक नंतर वायव्येकडून वारा धरतो आणि चारपर्यंत समुद्र पांढरा होतो. आणि तुमचा बेत बघा, रेवदंड्याहून मुरूड म्हणजे दक्षिणेला, जाताना सगळं सोपं, आणि परत येताना दुपारी तोच वारा नाकावर. ॲपमध्ये दिवसभर हिरवं दिसेल कदाचित. पहाटे उजेड फुटल्यावर निघा, ११ च्या आत परत या, नाहीतर बोट तिकडेच ठेवून एसटीने या.

हवामानासाठी माझा क्रम असा आहे, आधी हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा, मग हैदराबादच्या इन्कॉइस या सरकारी संस्थेचा समुद्राचा अंदाज, त्यानंतर ॲप. इन्कॉइसचं मुद्दाम सांगतो कारण कधीकधी आपल्याकडे वारा शून्य आणि तरी लांब दक्षिणेच्या महासागरातून आलेली फुगी, म्हणजे लांबून येणारी मोठी लाट, किनाऱ्यावर जोरात आदळते, वाऱ्याचं ॲप बघून ती कळत नाही, ते लोक आधी इशारा देतात. आणि बंदरात खराब हवामानाचा तीन नंबरचा बावटा लागला असेल तर मोबाइल खिशात ठेवा. फॉरवर्ड आलेल्या इशाऱ्यावर मात्र तारीख आणि वार दोन्ही असल्याशिवाय विश्वास नाही, २०२० च्या जूनमधल्या निसर्ग वादळाचे फोटो आणि नकाशे पुढची कित्येक वर्षं दर मे महिन्यात "आत्ताचं" म्हणून फिरताना मी बघितलेत. यात दोन्हीकडून नुकसान आहे, माणसं उगाच घाबरतात आणि मग खऱ्या इशाऱ्यालाही जुनं समजून निघतात.

आता तुमचा ऑइलचा प्रश्न, एक म्हणतो पन्नासास एक, म्हणजे पन्नास भाग पेट्रोलला एक भाग ऑइल, दुसरा पंचवीसास एक, तिसरा म्हणतो स्कूटरचं टू टी ऑइल चालतं. पहिले दोघे खरे आहेत. पन्नासास एक म्हणजे लिटरला २० मिली, बऱ्याच अलीकडच्या टू स्ट्रोक आउटबोर्डना हेच असतं. पंचवीसास एक, लिटरला ४० मिली, हे नव्या इंजिनाच्या रनिंग इनला, म्हणजे सुरुवातीच्या वापरात, काही जुन्या मॉडेलना, आणि कामाच्या बोटीवर दिवसभर फुल थ्रॉटल मारणारेही काही जण मुद्दाम जास्त घालतात. रॉकेलवर चालणाऱ्या इंजिनांचा हिशोब अजून वेगळा. तुमच्या इंजिनाचं उत्तर त्याच्या मॅन्युअलमध्ये आहे, आणि सेकंडहँडबरोबर मॅन्युअल मिळालं नसेल तर क्लॅम्पजवळच्या पट्टीवरचा मॉडेल नंबर टाकून कंपनीच्या साइटवरून उतरवा, दहा व्हिडिओंपेक्षा ते एक पान भारी. तिसऱ्याचं मात्र ऐकू नका. स्कूटरचं इंजिन हवेने गार होतं, आउटबोर्ड पाण्याने, त्याचं तापमान वेगळं, म्हणून त्याला टीसी डब्ल्यू थ्री लिहिलेलं राखरहित तेल लागतं. स्कूटरचं तेल घातलं तर लगेच काही होत नाही, आणि तिथेच फसगत आहे, "मी सहा महिने वापरतोय काही झालं नाही" असं माणूस प्रामाणिकपणे लिहितो. पुढे प्लग काळे, रिंग चिकटलेल्या, ते तो परत येऊन लिहीत नाही. "मला काही झालं नाही" एवढाच ज्याचा पुरावा आहे त्या सल्ल्याला बोटीच्या बाबतीत फार कमी मार्क द्या.

पेट्रोलबद्दलचे जुने सल्ले तर पूर्ण बदललेत. २०१५-१६ चा लेख सांगेल की पावसाळ्याआधी टाकी फुल्ल करून ठेवा म्हणजे आत दमट हवा राहत नाही. तेव्हा ठीक होतं. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि ठरावीक प्रमाणाच्या वर गेलं की पाणी-इथेनॉल खाली बसतं आणि पेट्रोल वर, इंजिनाचा पाइप ओढतो तळातलं. एकदा असं फाटलेलं पेट्रोल कुठलीही बाटली ओतून परत जुळत नाही. बऱ्याच आउटबोर्डच्या मॅन्युअलमध्ये १० टक्क्यांपर्यंतच चालेल असं लिहिलेलं असतं, तेव्हा तुमच्या इंजिनाचं काय ते डीलरला विचारून घ्या, तोवर लागेल तेवढंच भरा, टाकीत महिनोनमहिने ठेवू नका, पाणी वेगळं करणारा फिल्टर लावा आणि प्राइमर बल्ब (पेट्रोल चढवायला हाताने दाबायचा रबरी फुगा), रबरी पाइप चिकट-मऊ झालेत का ते बघत राहा.

तुम्ही विचारलंय की मग सगळं सोडून गावातल्या तांडेलाचंच, म्हणजे मासेमारी बोट चालवणाऱ्याचंच ऐकू का. पाण्याबद्दल, हो. त्या खाडीत वाळू कुठे आलीय, खडप कुठे आहे, जाळी कुठे लावलेली असतात हे त्याच्याइतकं कुठलाही नकाशा सांगणार नाही, कारण त्याचं पोट त्यावर आहे आणि तो काल तिथून आलाय. पण त्याची बोट जड, डिझेलची, तीसेक फुटी, तुमची हलकी, त्याला जी लाट जाणवत नाही ती तुम्हाला उचलून टाकेल, तेव्हा "काही नाही होत, जावा" याचा अर्थ त्याच्या बोटीपुरता. आणि लाइफ जॅकेटबद्दल त्याचं ऐकू नका. मला या माणसांबद्दल फार आदर आहे, मी सगळं त्यांच्याकडेच शिकलो, पण पोहता येतं म्हणून जॅकेट न घालणारी चांगली माणसं मी गमावलीत. ऑनलाइन मिळणारी स्वस्त जॅकेटं पण बघून घ्या, "स्विमिंग जॅकेट" आणि फाइव्ह स्टार रिव्ह्यू म्हणजे काही नाही, आतल्या पट्टीवर न्यूटनचा आकडा शोधा. ५० न्यूटनचं जॅकेट हे पोहता येणाऱ्यासाठी, मदत जवळ असताना. मुलांना आणि न पोहणाऱ्यांना किमान १००, मापाचं, आणि मुलांच्या जॅकेटला पायातून जाणारा पट्टा हवा. आकडाच नसेल तर ते बोटीत घेऊ नका. रिव्ह्यू लिहिणाऱ्यांनी ते स्विमिंग पूलमध्ये घातलेलं असतं.

कायद्याबद्दल थोडक्यात, व्हिडिओवाले मासेमारी बोटीची नोंदणी आणि हौशी बोटीची नोंदणी एकत्र करून टाकतात, आणि काही लेख अजून १९१७ च्या जुन्या कायद्याचा आधार देतात, आतल्या पाण्यासाठी आता २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा आहे. महाराष्ट्र सागरी मंडळाच्या जवळच्या बंदर कार्यालयात कागद घेऊन जा आणि लेखी विचारा.

आजकाल एआयला विचारायची पण पद्धत आलीय. मी पण विचारून बघितलं, गाठी, इंजिनाचे भाग, एखाद्या शब्दाचा अर्थ, छान सांगतं. पण बॉयबद्दल विचारलं तर भारत न लिहिता विचारल्यावर मला अमेरिकेचंच उत्तर आलं, आणि भाषा इतकी ठाम की नवीन माणूस शंकाच घेणार नाही. गाठ जगात कुठेही तीच, तेवढ्यापुरतं कुणालाही विचारा. पाणी, वारा, पेट्रोल आणि कायदा हे चार विषय आले की ठिकाण आणि तारीख मागायची, नसेल तर ती माहिती बाजूला ठेवायची.

मी स्वतः कुणावर विश्वास ठेवतो म्हणाल तर जो माणूस बोटीची लांबी, इंजिन, जागा आणि महिना सांगतो, "माझ्याकडे असं झालं, तुमच्याकडे वेगळं असेल" म्हणतो, आणि आपलं कुठे चुकलं ते जुन्या पोस्टखाली येऊन दुरुस्त करतो. आणि ज्याला तेच विकायचं आहे त्याचा व्हिडिओ वस्तू कशी लावायची एवढ्यासाठी बघतो, घ्यायची का यासाठी नाही.

आता तुम्ही एवढं करा. येत्या अमावास्येनंतर द्वितीयेला सकाळी साडेसातच्या आसपास चांगली ओहोटी असेल, बोट न घेता नुसते रेवदंड्याला या, किनाऱ्यावर उभं राहून खाडीच्या तोंडाचे फोटो काढा, उघडी पडलेली वाळू आणि खडप मोबाइलमधल्या नकाशावर खुणा करून ठेवा, आणि शेजारी जो कुणी जाळं विणत बसला असेल त्याला तो नकाशा दाखवा. मोबाइलमध्ये १५५४ हा कोस्ट गार्डचा आणि १०९३ हा सागरी पोलिसांचा नंबर सेव्ह करा, बोटीवर व्हीएचएफ रेडिओ असेल तर चॅनल १६. आणि इंजिनाच्या पट्टीचा फोटो इथे टाका, मॉडेल नंबर नीट दिसेल असा, ऑइलचं आणि पेट्रोलचं त्यावरून बघून सांगतो.